आगबोटीचा डेक आणि बोरिवलीची थंडी

हल्ली बोरिवलीत फ्लॅटला डेक असतो. भाचीसाठी जागा बघायला गेले होते तेव्हा मी गॅलरी शोधत होते, आणि बिल्डरचा टाय लावलेला मुलगा म्हणत होता, "मॅडम, तुम्ही डेकवरच उभ्या आहात." कपड्यांचा स्टँड ठेवला तर माणसाला आत जावं लागेल एवढीच जागा, लाकडाच्या रेघा छापलेली फरशी, आणि समोर दुसऱ्या टॉवरचा तसाच डेक. मुलाने फरशीवर बुटाची टाच आपटून सांगितलं, की हिला ऊन, दंव, थंडी काही लागत नाही, वर्षानुवर्षं हिच्याकडे बघावं लागत नाही. खरं असेल. पण जिच्याकडे बघावं लागत नाही तिच्याकडे कोणी बघतही नाही, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याला अजून बरेच डेक दाखवायचे होते. आमच्या घरीही डेक होता. त्याला ऊन लागायचं, दंव लागायचं, उत्तरेचा वारा लागायचा, आणि हे काही लागू नये म्हणून आमच्याकडे दर हिवाळ्यात जे चालायचं त्याला संसार म्हणावं की युद्ध, हे माझं अजून ठरलेलं नाही.

आमचा डेक खराखुरा होता, आगबोटीचा. बंदरालगतच्या दारूखान्यात म्हाताऱ्या बोटी मोडतात आणि त्यांचं लोखंड, लाकूड, नळ, आरसे असं सगळं वेगवेगळं विकतात. तिथून एका सकाळी एक ट्रक निघाला आणि बोरिवलीच्या आमच्या गावठाणातल्या बोळात येऊन अडकला. ड्रायव्हरशेजारी बाबा बसले होते, वरातीतल्या नवरदेवासारखे ताठ. मागे सागवानाच्या अरुंद, लांबलचक फळ्या, कडांना डांबराचे काळे ओघळ सुकलेले. आई घावणे घालत होती. हाताला पीठ तसंच घेऊन ती दारात आली.

"ह्या काय हाडलात?"

"डेक," बाबा म्हणाले. "आपल्या बोटीचा."

आमच्या घरात 'आपली बोट' एकच होती. मुंबईहून निघून कोकणातली बंदरं घेत वेंगुर्ल्याकडे जाणारी, आमच्या अख्ख्या गोतावळ्याला मुंबईत आणून सोडणारी आगबोट. भाऊच्या धक्क्यावर तिच्या तिकीटखिडकीत बाबांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. खिडकीवर येणारे बहुतेक जण डेकचं तिकीट मागायचे, म्हणजे उघड्या डेकवर जागा मिळेल तिथे वळकटी पसरून बसायचं. आईसुद्धा लग्न होऊन मुंबईला आली ती बाबांबरोबर ह्याच बोटीने, डेकच्याच तिकिटावर. मग बोटीची सेवा बंद पडली आणि कंपनीने बाबांना फोर्टातल्या एका कोंदट कचेरीत पाकिटांवर शिक्के मारायला बसवलं. बाबांनी तक्रार केली नाही. रविवारी मात्र ते न सांगता बाहेर जायला लागले. आम्हाला वाटायचं मित्राकडे पत्ते खेळायला जातात. ते दारूखान्यात जात होते, आपली बोट मोडायला आली का बघायला.

आईने पायाच्या अंगठ्याने एक फळी दाबून बघितली. "हो तो डेक न्हय," ती म्हणाली. "खंयच्यातरी मालबोटीचो आसतलो." आणि तव्यावरचा घावणा करपायला लागला म्हणून आत गेली. तिच्या एका वाक्याने बाबांचा चेहरा कसा झाला ते मी बघितलं. फळ्या विकणाऱ्याने त्यांना शपथेवर सांगितलं होतं की ह्या त्याच बोटीच्या, मागच्या डेकच्या. पण फळ्या विकणाऱ्याची शपथ आणि आईचं मत ह्यांत कशाचं वजन जास्त, हे बोळात कोणाला विचारायची गरज नव्हती.

तरी डेक बसला. विटांच्या बुटक्या भिंती घालून, त्यावर वासे टाकून, फळ्या शेजारी शेजारी ठोकून, मधल्या फटींत काथ्या ठासून वर डांबर ओतून. घराच्या दोन खोल्या मिळून जेवढी जागा होती तेवढी एकट्या डेकची झाली. बोळातली मंडळी त्याला 'केळुसकरांचा पाट' म्हणायची. आमचे घरमालक डॉमनिककाका शेजारच्याच घरात राहायचे. मागे त्यांची छोटी वाडी होती, दुधी आणि वालाची, आणि दिवसातला बराच वेळ ते कुंपणाला रेलून आमच्या संसाराकडे मॅच बघावी तसे बघत असायचे. डेक बसला त्या दिवशी ते म्हणाले, "केळुसकर, बोट आनली ते झकास केलं. आता खाडी कवा आनतो अंगनात?"

बोरिवलीची थंडी ह्या शब्दांना दादरकडची माणसं हसतात. हसू देत. त्यांना डोंगर नाही. आमच्याकडे नॅशनल पार्कच्या डोंगरावरून उतरणारा गारवा पहाटे बोळात साचून राहायचा, आणि दिवाळी उलटली की उत्तरेचा कोरडा वारा सुटायचा. त्या वाऱ्याने ओठ फुटायचे, आईच्या टाचा फुटायच्या आणि डेक फुटायचा. पावसाळ्यात तो पाणी पिऊन फुगलेला, घट्ट असायचा. थंडीत तो अंग चोरायचा. फळ्यांमधल्या फटी उघडायच्या, डांबर कडेने सुटायचं, पहाटेचं दंव त्या फटींत उतरायचं आणि दुपारच्या उन्हात उघडी राहिलेली फळी उलायची. दिवेलागणीला लाकूड निवायला लागलं की डेकमधून टक्, टक् असे आवाज यायचे, कोणीतरी बोटं मोडत असल्यासारखे. नव्या पाहुण्याला वाटायचं घुशी झाल्यात. बाबांना प्रत्येक टक् आपल्याच हाडातून आल्यासारखा लागायचा.

उपाय काय करायचा ह्यावर दोन मतं होती आणि दोन्ही आमच्याच घरात राहायची. बाबांचं म्हणणं, डेक हा समुद्रावरचा प्राणी. बोटीवर खलाशी रोज तो खाऱ्या पाण्याने धुतात, वाळू टाकून नारळाच्या सोडणाने घासतात, म्हणून तो फुगलेला राहतो. आईचं माहेर वेंगुर्ल्याकडच्या दर्यावर्दी माणसांचं. तिच्या लहानपणी पाऊस संपला की होडीला उंडेल लावायचे, उंडीच्या बियांचं हिरवट तेल, त्यात थोडी राळ गरम करून. लाकूड तेल प्यालं की त्याला ना पाणी लागतं ना वारा.

"बोटीच्या डेकला कोणी तेल लावत नाही," बाबा म्हणाले. "माणसं घसरून पडतील समुद्रात."

"हय खंय आसा समुद्र?" आई म्हणाली. "हंयसर पडलो तर डॉमनिकाच्या वालात पडतलो."

"खाऱ्या पाण्याने लाकूड टिकतं. कंपनीचा नियम होता."

"कंपनीची बोट टिकली?"

शेवटी डेकची वाटणी झाली. मधोमध सुंभाची दोरी टाकून डावी बाजू बाबांची, स्वयंपाकघराकडची उजवी आईची. बाबा ह्या बाजूंना बोटीवरच्यासारखं 'पोर्ट' आणि 'स्टारबोर्ड' म्हणायचे. आई 'तुमची' आणि 'माझी'. दर रविवारी बाबा सायकलला डबे अडकवून गोराईच्या खाडीवर जायचे आणि खारं पाणी घेऊन यायचे. घरात जाड मिठाचा अख्खा डबा असताना खाडीचं पाणी कशाला, ह्या प्रश्नाकडे त्यांनी सतत दुर्लक्ष केलं. मग धोतर खोचून, सोडण पायाखाली धरून, ते नाचल्यासारखे डेक घासायचे. खर्र, खर्र, खर्र. तो आवाज ऐकला की बोळाला रविवार कळायचा. आई तिच्या बाजूला जुन्या लुगड्याचा बोळा घेऊन गुडघ्यांवर बसायची आणि फळीच्या रेषेने तेल जिरवत जायची, लहान मुलाच्या पाठीला लावावं तसं. पहिल्या हिवाळ्यातच दोरीची गरज संपली. बाबांची बाजू घासून घासून रुपेरी झाली, आईची गुळाच्या ढेपेसारखी काळसर तांबूस.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझ्या मते मी खूप वाचलेलं होतं. डेक ही माझी वाचायची जागा. पांढरा ड्रेस असला तर बाबांच्या बाजूला बसावं लागे, कारण तेल कपड्यांना लागायचं. पहाटे अनवाणी बसायचं तर आईची बाजू, कारण तेलकट लाकूड पायाला कमी गार लागतं. मी कुठे बसले ह्याची दोन्हीकडून नोंद व्हायची. "आज तिकडे का?" बाबा सहज विचारल्यासारखं विचारायचे. आई विचारायची नाही; ती सरळ माझ्या पुढ्यात कुळथाच्या पिठीची वाटी आणून ठेवायची, आणि माणूस जिथे पिठी मिळते तिथेच बसतो. चुलीवर भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास, उंडेलाचा कडवट उग्र वास आणि खाडीच्या पाण्याचा चिखलट वास, ह्या तिन्ही वासांची जी एक गुंडाळी होत असे तिला मी माझं तारुण्य समजते. अत्तरांच्या जाहिरातीत असलं काही नसतं.

एका गोष्टीत मात्र दोघांचं एकमत होतं: गोणपाट. दुपारच्या वाऱ्यात डेक उघडा ठेवायचा नाही. ऊन चढलं की भिजवलेली गोणपाटं अख्ख्या डेकवर पसरायची, उन्हं कलली की उचलून वाळत टाकायची, आणि पहाटे दंव पडलेलं कोरड्या फडक्याने टिपायचं, दोन्ही बाजूंचं. हे काम आळीपाळीने तिघं करायचो. आई बाबांची बाजू टिपताना तोंडाने त्यांच्या पद्धतीची निंदा करायची आणि हाताने एकही फट सोडायची नाही. डॉमनिककाका थंडीत वाडीतला पाला पेटवून शेकोटी करायचे, ठिणगी उडाली की आई ओरडायची, "डॉमनिक, तुझा जाळ उचल! माझी बाजू तेल प्यालेली हा!" काका म्हणायचे, "मग त्याच्या बाजूला उडवतो गं." आई तितक्याच जोरात म्हणायची, "खबरदार!"

असं तिसरा हिवाळा येईपर्यंत चाललं. तोवर 'हा तो डेक नव्हे' हे आईचं मत घरात एखाद्या फर्निचरसारखं होऊन गेलं होतं. सगळे त्याला वळसा घालून जायचे. पण बाबांना ते बोचत राहिलं असणार. कारण त्या वर्षी वाचनालयाच्या बक्षीस समारंभात त्यांनी कॅप्टन रेग्यांना गाठलं.

कॅप्टन रेगे म्हणजे आपल्या बोटीचे शेवटचे कप्तान. निवृत्त होऊन ते बोरिवलीत बंगला बांधून राहिले होते. फाटकावर सिमेंटचा नांगर होता, निळ्या ऑइलपेंटने रंगवलेला. उपनगरात कुठलाही कार्यक्रम असो, अध्यक्ष तेच, पांढरी पँट, पांढरे बूट आणि भाषणात बोट. रक्तदान शिबिरात त्यांनी देशाला बोट केलं होतं, भगिनी मंडळात कुटुंबाला, आणि आमच्या समारंभात वाचनालयाला. माझ्या 'डास: एक चिंतन' ह्या निबंधाला बक्षीस देताना ते मला म्हणाले, "तुफानात सुकाणू सोडू नकोस, बेटा." डासांचा आणि सुकाणूचा संबंध मी अजून शोधते आहे.

कार्यक्रम संपल्यावर बाबा त्यांच्यापुढे उभे राहिले. मी मागेच होते.

"सर, मी केळुसकर. धक्क्यावर तिकिटाला होतो."

"हो, हो. केळुसकर." त्यांना आठवत नव्हतं हे दिसत होतं.

"सर, आपल्या बोटीचा डेक माझ्याकडे आहे."

"डेक? कुठे?"

"अंगणात, सर."

कॅप्टनांनी माझ्याकडे बघितलं, वडिलांची तब्येत बरी आहे ना असं. मी होकाराची मान हलवली. मग ते म्हणाले, संक्रांतीनंतरच्या रविवारी येतो.

घरी आल्यावर बाबांनी आईला सांगितलं. ती नाचणीची भाकरी थापत होती, हात थांबला.

"आणि तो म्हणालो, हो तो न्हय, तर?"

एरवी बाबा घरातसुद्धा खिडकीवरची शुद्ध मराठी बोलायचे. त्या दिवशी ते म्हणाले, "तर न्हय." मग जरा वेळाने, "तर फळ्या उचलून देऊन टाकीन. कोण कुठल्या परक्या बोटीला मी का आंघोळ घालू?"

आईने भाकरी उलटली. बाबा उगाच बोलणारे नव्हते. ज्या माणसाने हयातभर दुसऱ्यांना डेकची तिकिटं दिली आणि ती बोट डोळ्यांदेखत मोडीत गेली, त्याला तिचा एक तुकडा हवा होता. तो तुकडा खोटा निघाला तर आपण तीन हिवाळे कशाची उस्तवारी केली, हा प्रश्न त्यांना झेपला नसता.

त्यानंतर डेकची जी सेवा झाली तशी देवाचीही होत नसेल. बाबांनी सुटलेलं डांबर खरवडून नव्याने भरलं. आई आपली बाजू चमकवायला निघाली आणि तेवढ्यात उंडेल संपलं. गावाहून बाटली आणणारा तिचा भाऊ ती गावीच विसरून आला. दुसरं कोणी हतबल झालं असतं. आईने सरळ खोबरेल घेतलं. भर दुपारी, उन्हात, सढळ हाताने. डेक असा झळकला की डॉमनिककाकांनी शिट्टी वाजवली. पहाटे मी फडकं घेऊन बाहेर आले आणि बघते तर आईची बाजू पांढरी. रात्रीच्या गारठ्यात खोबरेल थिजलं होतं. फळ्यांवर पातळ साय, आणि डांबराच्या काळ्या फटींत लोण्याच्या रेघा ओढल्यासारख्या. त्या रेघांवरून बोरिवलीतल्या यच्चयावत मुंग्या रांगेने चालल्या होत्या. केसांचं खोबरेल थंडीत बाटलीत थिजतं हे बाळगोपाळांना ठाऊक. पण लाकडावरही ते थिजेल हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. खोबरेल म्हटलं की कोकणी माणूस विचार करायचं थांबवतो.

"वाट लागली," डॉमनिककाका कुंपणावरून म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले नाहीत.

आई दारात उभी राहून बघत होती. बाबा आले, त्यांनी बघितलं. मला वाटलं, तीन वर्षांचं व्याज आता वसूल होणार. बाबा आत गेले, बंबात पाणी तापत ठेवलं, चुलीतली राख घमेल्यात भरून आणली, धोतर खोचलं आणि सोडण घेऊन आईच्या बाजूला उतरले. थोड्या वेळाने आई त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. मी आणि डॉमनिककाकांनी गरम पाण्याच्या बादल्या पुरवल्या. दुपारपर्यंत आईची बाजू पुन्हा तपकिरी झाली; तिथून पुढे काही दिवस तिला नारळाच्या वडीचा वास येत राहिला, एवढंच. माणसं थोर असतात की नाही ह्याबद्दल मी पुढे बरंच वाचलं आणि बहुतेकांवर विश्वास ठेवला नाही. पण जिंकायची संधी समोर थिजून पडलेली असताना राख घेऊन खाली बसणारा माणूस मी एकदा बघितलेला आहे.

रविवारी कॅप्टन आले. पांढरी पँट, पांढरे बूट, हातात मुठीची काठी. उंडेलाची बाटली तोवर पोचली होती आणि आईने आदल्या दिवशीच हात मारून घेतला होता. डॉमनिककाका इस्त्रीचा शर्ट घालून कुंपणाच्या अलीकडे आले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं आणि ते नसते तर सगळ्यांना चुकल्यासारखं वाटलं असतं. बाबा ताठ उभे होते, हात पाठीमागे, खिडकीसमोर एखादा बडा अधिकारी आल्यासारखे. कॅप्टन पायरी चढून बाबांच्या रुपेरी बाजूवर आले. काठीने फळी वाजवली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. मी भाषणाची वाट बघत होते. निदान एकदा बोटीची उपमा बोटीलाच देण्याची संधी त्यांच्याकडे आली होती.

"कुठला भाग म्हणालात हा, केळुसकर?"

"मागचा डेक, सर. डेकच्या उतारूंचा."

कॅप्टन पुन्हा खाली बघत राहिले. मग चष्मा काढून पुसला.

"केळुसकर, मी तुम्हाला खूश करायला हो म्हणू शकतो. बऱ्याच ठिकाणी मी तेच करतो." ते हसले नाहीत. "पण मला खरंच सांगता येणार नाही. माझी जागा वर. मागचा डेक मी रोज वरून बघायचो, पण फळी कधी दिसलीच नाही हो. त्यावर माणसं असायची. ट्रंका, फणस, कोंबड्या, पोरं. पाऊल ठेवायला जागा नसायची. मी एकदाही उतरून त्यांच्यात गेलो नाही."

त्यांच्या सगळ्या भाषणांबद्दल मी त्या क्षणी त्यांना माफ केलं. अध्यक्षपदाची इतकी सवय लागलेल्या माणसाला 'मला माहीत नाही' म्हणणं किती जड जातं, हे मला पुढे कॉलेजात शिकवायला लागल्यावर कळलं. माझ्याबरोबरच्या प्राध्यापकांपैकी फार थोड्यांना ते जमलं. पण बाबांना त्या खरेपणाचा काही उपयोग नव्हता.

"बरं, सर," बाबा म्हणाले. खिडकी बंद करताना म्हणत असतील तसं. आणि त्यांनी सवयीने कडेचं गोणपाट उचललं, दुमडलं, पुन्हा दुमडलं.

आई तिळाचे लाडू आणि चहा घेऊन बाहेर आली. तिने ट्रे तिच्या बाजूला ठेवला, पदर सावरला आणि फळ्यांवर मांडी घालून बसली.

"हीच बोट," ती म्हणाली.

बाबांच्या हातातलं गोणपाट तसंच राहिलं.

"कशावरून म्हणता, वहिनी?" कॅप्टनांनी विचारलं.

"मी बसलेली आहे ना हिच्यावर! वेंगुर्ल्याला पडावाच्या होडीतून चढले, नवीकोरी नवरी. इथे माझी ट्रंक. तिथे एक म्हातारी, तिच्या टोपलीत कोंबडा. आणि हे," तिने हनुवटीने बाबांकडे दाखवलं, "हे माझ्या मांडीला डोकं टेकून फळ्यांवर पालथे. नांगर उचलला तशी यांना बोट लागली. देवगड गेलं, रत्नागिरी गेली, मान वर नाही. त्या म्हातारीने मला विचारलं, 'गो चेडवा, तुझ्या घोवाक बोट लागता, काय तूच लागलंस?'"

डॉमनिककाका कुंपण धरून हसायला लागले. "केळुसकर! दुनियेला तिकिटं विकली आनि सोता ओकला?"

"अगं, काय हे," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. आगबोटींबद्दल तासन्‌तास बोलणाऱ्या माझ्या वडिलांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती, आणि आईनेही इतकी वर्षं ती जपून ठेवली होती. भांडणात वापरायला इतकी सोयीची असूनसुद्धा.

कॅप्टन हसले. मग त्यांनी खाली वाकून बूट काढले, मोजे काढले आणि आईसमोर खाली बसले, तिच्या बाजूला, ताज्या उंडेलावर, पांढऱ्या पँटसकट. आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांनी लाडू तोंडात टाकला आणि तळवा फळीवर ठेवला.

"मला वरून जे दिसलं नाही ते ह्यांनी बसून बघितलंय, केळुसकर. माझ्याकडून आता काय वेगळं लिहून घेता? हीच बोट."

ते गेले तेव्हा पँटच्या मागे दोन मोठी तपकिरी वर्तुळं होती, आणि बोळातली सगळी मंडळी त्यांना आदराने वाट करून देत होती.

उन्हं कलली होती. मी ट्रे आत नेला आणि खिडकीशी कप विसळत राहिले. बाबा अजून बाहेरच होते. आई कडेची गोणपाटं गोळा करत होती.

"खराच वळाखलंस?" बाबांनी विचारलं. शुद्ध मराठी कुठेतरी पडून गेली होती.

"काय?"

"फळयो."

"माका काय ठावक," आई म्हणाली. "फळयो तुमी बघी होतात रातभर, खाली मान घालून. मिया तुमका बघी होतंय." तिने गोणपाट झटकलं. "तुमीच सांगा, ही ती काय ती."

बाबा गुडघ्यांवर बसले, हात टेकले आणि आईच्या बाजूच्या फळीवर गाल ठेवून आडवे झाले. डॉमनिककाका कुंपणाशी उभे होते. ते घरात गेले.

"तेलाचो वास येता नुसतो," बाबा म्हणाले. "काय कळणा नाय."

"मगे तुमच्या बाजून बघा."

ते उठले नाहीत, तसेच सरकले, रुपेरी फळ्यांवर, आणि डोळे अगदी लाकडाशी नेऊन पडून राहिले. आई गोणपाटं खाली ठेवून त्यांच्या डोक्याशी बसली. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला.

"हीच."

"मगे उठा आता," आई म्हणाली. "दंव पडतला."